डाव्यासारखा उजवा

ऐन आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी देवपुरातल्या देवचंद पाटलांच्या गाडीचा डावा आरसा उघडेना. बटण दाबलं की उजवा शहाण्या मुलासारखा बाहेर यायचा आणि डावा नुसताच आतल्या आत कण्हायचा. देवचंदना मनातून फार बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकतो.

कारण असं, की त्यांच्या पत्नी पार्वताबाई चोपन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या होत्या आणि लायसन्स हातात येऊन पंधरा दिवस झाले होते. दर आखाजीला त्यांना माहेरी न्यायला दोंडाईच्याहून धाकटा भाऊ चुडामण मुऱ्हाळी म्हणून यायचा. बत्तीस वर्षं हा रिवाज चालला होता. यंदा मात्र पार्वताबाईंनी त्याला फोनवर ठणकावलं होतं, "तू येऊ नको. मी सोता गाडी चालाडीसन येसू." तेव्हापासून देवचंद भीतीपोटी हा बेत मोडायला निमित्त शोधत होते.

"डावा आरसा नही, म्हंजे गाडी नही," ते चेहरा शक्य तितका दुःखी करून म्हणाले. "गॅरेजवाला भी गावले गया. मी चुडामणले फोन करस, तो ली जाई तुले."

"काही गरज नही. शेजारना हितेंद्रले बलावस. त्याले येस हाई काम."

हे मात्र झोंबलं. देवचंद कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सहायक म्हणून निवृत्त झाले होते. "तीस वरीस लॅबमा काढात मी! तो पोऱ्या माले काय शिकाडी?"

अशा रीतीनं, आरसा दुरुस्त होऊच नये असं ज्याला वाटत होतं, तोच माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन वैशाखाच्या उन्हात बसला.

सुरुवात झकास झाली. स्वयंपाकघरातला सराटा, म्हणजे उलथनं, घालून त्यांनी काच अलगद उचकटली. आतून पुरणपोळीपुरतं पीठ निघावं इतकी धूळ निघाली. जुन्या टूथब्रशनं त्यांनी आतल्या चाकांचे दाते घासले, ग्रीस लावलं आणि मोटर जराशी बाहेर ओढली, तशा तिच्या दोन्ही तारा तुटल्या. दोन्हींचा रंग उडून त्या सारख्याच मळकट झाल्या होत्या. देवचंदनी अंदाजानं त्या जोडल्या आणि पुन्हा तुटायला नकोत म्हणून दोन मिनिटांत दगड होणारा गोंद त्यावर भरपूर थापला.

"काका, गोंदाच्या आधी बटण दाबून बघायचं होतं ना," कंपाउंडच्या भिंतीवरून हितेंद्र म्हणाला.

"आमच्या लॅबमध्ये काम आधी पूर्ण करायचे, मग बघायचे," देवचंद म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

डावा आरसा दिमाखात बाहेर आला. त्याच वेळी उजवा आत गेला. पुन्हा दाबलं, तर उजवा बाहेर आला आणि डावा आत. दोघांचा अबोला असल्यासारखं चाललं होतं.

"तारा उलट्या जुळल्यात," हितेंद्र म्हणाला. "पण हा गोंद आता काही सुटत नाही. सोडवायला गेलात तर सगळा आरसाच हातात येईल."

पार्वताबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या. कोपरानं त्यांनी चार वेळा बटण दाबलं. माहेरच्या दारात स्वतः गाडी उभी करायची, एवढीच त्या बाईची हौस होती. तो उतरलेला चेहरा देवचंदना पाहवेना. भीती आपल्याला वाटते आणि थांबायचं हिनं, याची त्यांना लाज वाटली.

"मनी चूक व्हयनी," ते हळूच म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. आते उजवाले भी असंच करी टाका."

"चांगला आरसा बिघाडू?"

"बिघाडू नका. डावासारखा करा. दोन्ही उलटा व्हयनात म्हंजे दोन्ही संगेच उघडतीन."

हितेंद्रनं भिंतीवरच बोटं उलटसुलट करून पाहिली. "काका, काकू बरोबर बोलताहेत."

पाऊण तासात देवचंदनी चांगला आरसा काळजीपूर्वक बिघडवला. या वेळी त्यांनी गोंदाच्या आधी बटण दाबलं. मिटायचा हुकूम मिळताच दोन्ही आरसे एकदम उघडले.

पार्वताबाईंनी ताशी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. ट्रॅक्टरवालेसुद्धा हॉर्न देऊन पुढे गेले. वाटेतल्या चिमठाण्यापर्यंत देवचंद आपल्या बाजूचा, नसलेला ब्रेक दाबत होते. नंतर त्यांना चक्क डुलकी लागली.

दोंडाईच्याला अख्खी गल्ली दारात उभी होती. पार्वताबाई घामाघूम होऊन उतरल्या आणि त्यांना हसू आवरेना. भावाचे डोळे मात्र भरून आले. पाणी पिता पिता देवचंदनी दुरुस्तीची हकिगत मोठ्या अभिमानानं सांगितली. तेवढ्यात चुडामणची बायको दीपमाला पुढे झाली. "आक्का, माले भी शिकाडा ना."

चुडामण दचकला. "तुले कसं जमी? आपली गाडीना क्लच भू कडक शे." आणि त्यानं आधारासाठी मेहुण्याकडे पाहिलं. "नही का दाजी?"

देवचंदनी बाह्या वर सारल्या. "कडक शे? चावी आन इकडे. आत्ते मोकया करी देस."

चुडामणनं एकदा दारातल्या गाडीच्या त्या दोन आरशांकडे पाहिलं, खिशातून चावी काढली आणि मुकाट्यानं दीपमालाच्या हातात ठेवली.