सगुणभायंची पालकसभा

आमच्या कॉलेजच्या पालकसभेला सगुणभाय दर वेळी येतात. पहिल्या रांगेत बसतात, चष्मा पुसतात आणि प्राध्यापकांशी भांडतात. त्यांचे एकही मूल कॉलेजात शिकत नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कुठून असणार?

ज्याचे आईबाप आले नाहीत त्याचे पालक सगुणभाय, असा नियम त्यांनीच करून टाकला आहे. माझे वडील दोडामार्गचे, खाणीवर ट्रक चालवायचे. सभेसाठी त्यांना सुटी कोण देणार? माझे नाव पुकारले की सगुणभाय उठत. "चेडवाची हजेरी बरी आसा न्ही?" सर 'बरी' म्हणाले तरी समाधान नाही. "मगे मार्क उणे कित्याक? चूक तुमची काय तिची?" एकदा तर माझे बाप होऊन त्यांनी सरांना झापले, आणि पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या पोराचे बाप होऊन, सरांची बाजू घेऊन त्या पोराला झापले. सर बिचारे आभार मानावेत की माफी मागावी या विचारात.

हे कॉलेज जन्मले तेच सगुणभायंच्या काजूच्या भट्टीवर. लाटंबार्शाच्या पुढे, डोंगराला टेकून आमचा गाव. डिचोलीची बस चुकली की शिक्षण चुकले, अशी आमची गत. भट्टी हंगामापुरतीच पेटते, एरवी शेड रिकामी. तिथे बाके मांडली. परीक्षा मात्र नेमकी हंगामात आली. पुढे पोरे पेपर लिहितात आणि मागे हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, उतरतो आहे! "पयले दोन दीस पर्यवेक्षक बरे आशिल्ले," सगुणभाय सांगतात. "तिसऱ्या दिसा पेपर वाटचे आदींच हांसपाक लागले."

मग गावाने चिरे वाहिले. एक खोली झाली, दोन झाल्या, वर मजला चढला, संगणक आले. जागा सगुणभायंच्या काजूच्या बागेची. "काजी आपाप वाडता," ते म्हणतात, "कॉलेज वाडोवचें पडटा."

आणि हेच कॉलेज आता सरकार शहरातल्या मोठ्या कॉलेजात विलीन करायला निघाले होते. कारण काय, तर मुले कमी! डोंगर कापायला परवानगी मिळते, चार बंगल्यांसाठी डांबर पडते, पण आमच्या बसला तोटा होतो. आधी बस बंद करायची, मग मुले येत नाहीत म्हणून रडायचे, मग कॉलेजला कुलूप लावायचे. याला साध्या मराठीत लबाडी म्हणतात. मी पत्रक काढून त्यात तसेच छापले आणि घरोघर वाटले.

सुनावणीसाठी शिक्षण खात्याचे साहेब कॉलेजात येणार होते. कॉलेज वाचवायला गावाने केलेल्या समितीच्या वतीने सगुणभायंनी बोलायचे ठरले. मी त्यांना पत्रक पाठ करायला दिले आणि रोज मागे लागले.

"झाले का पाठ?"

"जाता गो बाये. राग बरो घातला तुवें. पूण श्वास घेवपाक खंय जागो दवरूंक ना."

सुनावणीच्या दिवशी साहेबांनी सुरुवातीलाच सांगितले, "निर्णय जवळपास झालेला आहे. तरी म्हणणे मांडा." सगुणभाय उठले. पत्रक खिशातच राहिले. पिशवीतून त्यांनी नारळ काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

माझे डोके फिरले. गाऱ्हाणे! देवळात घालतात, जत्रेत घालतात, नव्या ट्रकपुढेसुद्धा घालतात, ते! इथे सरकारकडे हक्क मागायचा, आणि हा माणूस देवाला साकडे घालतो आहे!

"बा देवा म्हाराजा! आज हांगा तुजीं लेंकरां जमल्यांत..."

"व्हय म्हाराजा!" अख्खे सभागृह गरजले.

"कोणाच्या मनात कितेंय वाकडें आयलें आसत, तें सरळ कर रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"बंद पडिल्ली बस परत धांवडाय रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आनी हें कॉलेज हांगाच उरूं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सर्वात खणखणीत आवाज टेबलापलीकडून आला. साहेब मूळचे पेडण्याचे, म्हणजे आमच्याच बाजूचे. गाऱ्हाण्याला होकार देण्याची सवय तोंडाला लहानपणीच लागते, ती काही हुद्दा विचारून सुटत नाही. ते लाल झाले, पाणी प्याले. नारळ समोर तसाच. देवाला हो म्हणून बसल्यावर नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

"यंदा चालू राहू दे," ते शेवटी पुटपुटले. "बसचेही बघतो."

टाळ्या पडल्या. मी मात्र धुमसतच होते. सगुणभायंना स्कूटरवरून घरी सोडतानाही माझी बडबड चालू. "हा विजय नव्हे, एका वर्षाची मुदत आहे! लेखी घ्यायला हवे होते."

"लेखी तूं घे. तुका लिवपाक येता. माका तोंड आसा."

त्यांनी घराचे कुलूप काढले. त्यांची बायको, आमची भाबी, वारल्यापासून आत कोणी नसते. चहा त्यांनीच केला, सोबत कडक उंडो पाव. मी सहज विचारले, "अनंतादादाच्या पालकसभेतही असेच भांडायचात?" अनंतादादा म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला. शिकला, गोव्यातल्या अनेकांसारखा पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि इंग्लंडला गेला.

त्यांनी उंड्याचा तुकडा चहात बुडवला.

"ना गो. तेन्ना हांव खुर्च्यो मांडतालों. बसपाक खंय मेळ्ळें?"

तेवढ्यात फोन वाजला. अनंतादादाच. तिथे दुपारची जेवणाची सुटी झाली होती. सगुणभायंनी चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला. मला वाटले, आता साहेबांची फजिती रंगवून सांगतील. त्यांनी कॉलेजचे नावही काढले नाही.

"हजेरी बरी आसा मरे तुजी?"

"बाबा, हांगा कसली हजेरी!" अनंतादादा हसला.

सगुणभाय हसले नाहीत.

"तुज्या सायबाक विचार," ते म्हणाले, "पालकसभा केन्ना आसता तें. आसल्यार हांव येतां."