वाळेपर्यंत थांबावे

मी आमच्या कार्यालयात गेली एकोणीस वर्षे तात्पुरता लिपिक आहे. या काळात चार अधीक्षक आले आणि गेले, इमारतीला दोनदा रंग लागला, आवक विभागाची खिडकी बुजवून तिथे भिंत झाली. मी मात्र त्याच खुर्चीवर आहे. दर सहा महिन्यांनी मला एक दिवस कामावरून कमी करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात. याला सेवाखंड म्हणतात. खंडाच्या दिवशी मी रीतसर बेकार असतो, पण जुन्या नोंदवह्या कुठे आहेत हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याही दिवशी येतो आणि लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसून सांगत राहतो, "तिसरं कपाट, खालचा कप्पा."

नियम असा की, पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर कुणालाही कायम करता येत नाही. मला पन्नास पूर्ण व्हायला सात महिने उरले होते. कार्यालयात दोन कायम जागा रिकाम्या होत्या आणि माझी फाईल अधीक्षकसाहेबांच्या टेबलावर होती. ती तिथे आहे याची मला खात्री होती, कारण साहेब पाण्याचा पेला तिच्यावरच ठेवत.

आता माझ्या छंदाविषयी सांगणे भाग आहे. सुटीच्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरतो आणि शुभेच्छापत्रे, फोटोंचे अल्बम, कागदी फुलांच्या चौकटी असे काहीबाही करत बसतो. "लोकांचे नवरे पत्ते खेळतात, आमच्या ह्यांची बालवाडी सुटत नाही," असे बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. या कामासाठी एक खास डिंक मिळतो. बाटलीवर त्याचे नाव लांबलचक आहे. आम्ही घरात त्याला हलता डिंक म्हणतो. कागदाच्या पाठीला तो पातळ लावायचा. तेव्हा तो दुधाळ दिसतो. मग हाताची घडी घालून बसायचे. अकरा-बारा मिनिटांत तो वाळून पारदर्शक होतो. मग कागद चिकटवला की चिकटतो, हवा तेव्हा अलगद निघतो, दुसरीकडे पुन्हा चिकटतो आणि मागे डागसुद्धा ठेवत नाही. मात्र दुधाळ असतानाच दाबलात, तर कारभार आटोपला. तो कागद पुन्हा निघत नाही. फार ओढलात तर खालच्या पानाला घेऊन निघतो.

आमच्या अल्बममधले सगळे फोटो मी वाळल्यावर लावले आहेत. त्यामुळे साडू, चुलते, मामेभाऊ यांची पाने रागलोभाप्रमाणे बदलता येतात. फक्त आमच्या लग्नाचा फोटो बायकोने लावला, तोही ओल्यातच, तळव्याने दाबून.

"अगं, थांबायचं असतं," मी म्हणालो होतो.

"कशाला?" तिने विचारले होते.

आमच्या कार्यालयाचे काम म्हणजे लोकांच्या अर्जांवर निर्णय देणे. मंजूर, नामंजूर, प्रलंबित, हयात अशा छापील चिठ्ठ्या असतात. साहेब त्यांवर सही करतात आणि आम्ही त्या नोंदवहीत ज्याच्या त्याच्या नावापुढे चिकटवतो. निर्णय फिरला की चिठ्ठी खरवडावी लागे आणि पान फाटे. त्या वर्षी तपासणी पथकाने ताशेरे ओढले की नोंदवहीची एकशे बारा पाने फाटलेली आढळली. निर्णय का फिरले, हे पथकाने विचारले नाही. पाने का फाटली, एवढे विचारले, आणि साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुटीत मी एका शुभेच्छापत्रावर कागदी फूल बसवत होतो. साहेब मागे येऊन कधी उभे राहिले, कळले नाही.

"हे काय?"

"फूल आहे, साहेब."

"मगाशी कोपऱ्यात होतं."

"हो साहेब. मधे आणलं."

साहेबांनी ते पत्र उचलून उजेडात धरले. कोपऱ्यावरून बोट फिरवले. "इथे होतं, असं कुणी म्हणूच शकणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी एकोणीस वर्षांत प्रथमच माझ्याविषयी आदर पाहिला. मग ते आत गेले आणि त्यांनी माझ्या फाईलवरचा पेला उचलून बाजूला ठेवला. मला दाराच्या फटीतून ते दिसले.

परिपत्रकाचा मसुदा माझ्याकडे आला, कारण डिंकातला जाणकार मीच. हे काम मी जीव ओतून केले. डिंक किती पातळ असावा, चिमूट कुठल्या बोटांची असावी, सगळे लिहिले. चौथा नियम मी दोनदा अधोरेखित केला: "डिंक पूर्ण पारदर्शक होण्यापूर्वी कोणतीही चिठ्ठी चिकटवणे ही बेशिस्त समजण्यात येईल. वाळेपर्यंत थांबावे." आमचे एक वरिष्ठ लिपिक आहेत; त्यांना सगळे नियम पाठ असतात, म्हणून सगळे त्यांना 'तोंडपाठ' म्हणतात. त्यांनी तो एकदाच वाचला आणि डोळे मिटून म्हणून दाखवला. मला भरून आले. माझे लिखाण कुणी पाठ करावे, असे पूर्वी कधी झाले नव्हते.

पहिल्या महिन्यात एकही पान फाटले नाही. दुसऱ्या महिन्यात साहेबांच्या लक्षात आले की चिठ्ठी निघते आणि पुन्हा चिकटते, तर प्रत्येक अर्जाला वेगळी चिठ्ठी हवीच कशाला? मग 'मंजूर' ही एकच चिठ्ठी सकाळी एका अर्जदाराच्या नावापुढे लागू लागली. तो बघून, समाधानाने घरी गेला की दुसऱ्याच्या नावापुढे. तक्रार अधिकाऱ्यांची पाटी ज्या खोलीत ते नसतील त्या खोलीच्या दारावर लावण्याची सोय झाली. लोक ती खोली उघडून बघत, ते नाहीत याची स्वतः खात्री करून घेत आणि निमूटपणे परत जात. पूर्वी याच कामी शिपायाला दिवसभर घसा कोरडा करावा लागे.

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे प्रकरण मात्र मला जरा जड गेले. बाई दर वर्षी येऊन आपण जिवंत असल्याचे नोंदवून जात. यंदा त्या आठवड्याभराने पुन्हा आल्या आणि मला नोंदवही काढायला लावली. त्यांच्या नावापुढे काहीच नव्हते.

"माझी हयात चिठ्ठी कुठे गेली?"

"एका गृहस्थांना तातडीने हवी होती, बाई. त्यांच्याकडे दिलीय. सोमवारी आपण पुन्हा हयात व्हाल."

"आणि तोवर?"

मी तोंडपाठांकडे पाहिले. "प्रलंबित," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "एकोणचाळीस वर्षं मी मुलांना खोडरबर जपून वापरा म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या वर्गात होतात का हो?" मी नव्हतो. तरी मान खाली गेली. बाई सोमवारी आल्या नाहीत. त्यांच्या नावापुढचे पान आजही स्वच्छ आहे.

तपासणी पथक आले, पाने उजेडात धरून गेले आणि 'अनुकरणीय' असा शेरा देऊन गेले. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचं काम आता झालंच समजा."

मधल्या काळात साहेबांचे मेहुणे तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना नोंदवह्यांची भीती वाटत असल्यामुळे ते खिडकीजवळ बसत. त्यांना दोनपैकी एका कायम जागेवर तात्पुरते दाखवायचे होते. नेमणुकीची चिठ्ठी साहेबांनी स्वतः चिकटवली. खाली साहेबांच्या बायकोने गाडीचा भोंगा धरून ठेवला होता, तेव्हा डिंक लावला, दाबला आणि साहेब जिन्याकडे धावले. तीन महिने संपल्यावर मेहुण्यांना मोकळे करायचे ठरले, तर चिठ्ठी निघेना. नखाने झाले, पट्टीने झाले, वाफ देऊन झाली. शेवटी मला बोलावले.

"ओल्यात लावलीय, साहेब," मी म्हणालो. "आता ही निघायची नाही. ओढलीत तर पान फाटेल."

पान फाटेल म्हटल्यावर साहेब दोन पावले मागे सरले. तोंडपाठांनी डोळे मिटले. "जी नेमणूक पान न फाडता काढता येत नाही," ते सावकाश म्हणाले, "ती कायम समजावी लागेल. दुसरा मार्ग नाही." मेहुण्यांनी खिडकीजवळूनच विचारले, "म्हणजे मी उद्या पण यायचं का?"

आता एक जागा उरली होती आणि माझ्याकडे नऊ दिवस. सातव्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितले की तुमच्या आदेशावर सही झाली आहे, उद्या सेवापुस्तकात चिकटवू.

मी घरी आलो तो हवेत तरंगत. बायकोने सगळे ऐकून घेतले, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले, आणि डिंकाची बाटली व जाड कागदाच्या पट्ट्या पुढ्यात ठेवल्या.

"लावा," ती म्हणाली. "उद्या चिठ्ठी तुमच्याच हाती देतील."

मी डिंक लावला आणि सवयीने हाताची घडी घातली.

"अहो, दाबा! आत्ता दाबा! दुधाळ दिसला की दाबायचं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही." तिने माझ्याकडून अकरा वेळा करवून घेतले. शेवटच्या पाच वेळा मी खरोखरच चटकन दाबले. ती पट्ट्या ओढून बघत होती आणि एकही निघत नव्हती. मग ती खुर्चीत बसली. "एकोणीस वर्षं मी लोकांना सांगते, होतील कायम, होतील," ती म्हणाली. "मला आता त्या लोकांची लाज वाटते. तुमची नाही वाटत. पण उद्या दाबा." मी तिला शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आदेशाची चिठ्ठी माझ्याच हाती दिली. "जाणकार तुम्ही. तुमच्याच हातानं होऊ द्या." टेबलावर माझे सेवापुस्तक उघडे होते. शेजारी तोंडपाठ उभे होते. मी झाकण फिरवले, चिठ्ठी पालथी केली, पातळ हात दिला. डिंक दुधाळ चमकला. तेवढ्यात साहेबांना वरून बोलावणे आले आणि ते गेले. तोंडपाठ म्हणाले, "बारा मिनिटं आहेत, मी चहा घेऊन येतो." मेहुणे खिडकीजवळ झोपले होते.

झोपलेले मेहुणे सोडले तर खोलीत मी एकटा, आणि हातात ओली चिठ्ठी. मला अडवणारे कुणी नव्हते. चौथा नियम भिंतीवर होता, तो माझ्याच अक्षरात. मला बायकोचा चेहरा दिसला, पट्ट्या ओढणारे तिचे हात दिसले. मी चिठ्ठी पानावर नेली. पानापासून एक बोट अंतरावर ती थांबली. म्हणजे मीच थांबलो. कोणी आले तर काय म्हणेल, असे वाटले. आजच्या दिवशी बेशिस्त नको, असे वाटले. इतकी वर्षे थांबलो, तर आणखी बारा मिनिटांनी काय होते, असेही वाटले. मी चिठ्ठी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. मधे एक कोपरा वाळायचा मागे राहतोय असे दिसले, तर त्यावर फुंकर मारली.

साहेब आले. "लावलीत?"

"हो, साहेब."

"वाळल्यावर?"

"पूर्ण पारदर्शक झाल्यावर, साहेब."

"शाब्बास," साहेब म्हणाले.

मी दोन दिवस कायम होतो. पन्नास पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो, तेव्हा साहेबांच्या मेहुण्यांचे धाकटे भाऊ माझ्या खुर्चीवर बसले होते आणि आदेशाची चिठ्ठी त्यांच्या सेवापुस्तकात होती. माझे पान अगदी स्वच्छ होते; डाग नाही, सुरकुती नाही. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर मला त्या स्वच्छतेचा अभिमान वाटला.

"परत लावता येईल ना?" मी तोंडपाठांना विचारले.

"डिंकाच्या बाजूनं काहीच अडचण नाही," ते म्हणाले. "अडचण वयाची आहे. पण तुम्ही कशाला घाबरता? तात्पुरत्याला वयाची अट नाही."

घरी बायकोने दार उघडले. माझे तोंड बघून तिला कळले. तिने अल्बम काढला, लग्नाच्या फोटोच्या कडेखाली नख घालून पाहिले, आणि तो हलत नाही याची खात्री करून पुन्हा मिटून ठेवला. अल्बम मिटल्याच्या त्या आवाजाने मला जेवढे रडू आले, तेवढे कार्यालयात आले नव्हते.

तुम्ही मला मनात नावे ठेवत असाल. दाबायचे होते हो, एवढे साधे, असे म्हणत असाल. डिंक वाळायला अकरा-बारा मिनिटे लागतात, हे मी सुरुवातीलाच सांगितले होते. हे सगळे वाचायला तुम्हाला साधारण तेवढाच वेळ लागला. हे वाचायला घेतलेत, तेव्हा तुम्ही काहीतरी करायला निघाला होतात. कुणाला फोन, कुठला अर्ज, कुणाला एक शब्द. म्हटले असेल, हे एवढे वाचू आणि मग करू. बघा एकदा. एव्हाना पारदर्शक झाले असेल.