कार्निव्होरस पूल

एका जंगलात, बाळांनो, सगळी भांडणं मराठीत व्हायची. एक म्हणायचा, "तू हट्टी आहेस." दुसरा म्हणायचा, "आणि तू आडमुठा." मग दोघं तावातावाने बोलत बसायचे. बोलता बोलता कोण चुकतंय ते आपोआप बाहेर पडायचं. वेळ मात्र फार जायचा.

मग तिथे राघू पोपट आला. तो शहरातल्या एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात पिंजऱ्यात होता. त्या ऑफिसात पोरांच्या आयांना बोलावून जे जे ऐकवलं जायचं, ते सगळं त्याला पाठ. ऑब्स्टिनेट. रिजिड. बॅकवर्ड. इररॅशनल.

जंगलाचे अध्यक्ष होते तुरेराव मोर. त्यांना हे शब्द फार आवडले. हट्टी म्हटलं की समोरचा अंगावर यायचा. ऑब्स्टिनेट म्हटलं की गप्प बसायचा. अर्थ विचारावा तर आपण अडाणी ठरायचो, ही भीती. मीटिंगा झटपट संपू लागल्या. तुरेरावांनी मग नियमच केला. यापुढे कुणाला नावं ठेवायची ती इंग्रजीत. आणि ज्याला इंग्रजीत नाव ठेवलं, त्याचं बोलणं तिथेच संपलं.

राघूने ओढ्यापलीकडे शाळा काढली. पोरांना लांबून, दगडादगडांवरून जावं लागे. एका सकाळी बघतात तर ओढ्यावर आडवा पूल. जाडजूड, गुळगुळीत, वर नक्षी काढलेली.

"कुणी बांधला हो?" एका सशाने विचारलं.

"कामं होत असतात," तुरेराव म्हणाले.

सगळे खूश. एकटी हौसा भेकरी सोडून. भेकर म्हणजे बुटकं हरीण. धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. हौसाला तर धोका जरा जास्तच दिसायचा. तिचं पाडस बारक्या नुसतं शिंकलं तरी ती रात्रभर जागायची. आणि आता बारक्या त्याच पुलावरून शाळेत जाणार होता.

ती पुलाजवळ गेली. कान लावला. पूल श्वास घेत होता.

ती तशीच मीटिंगला धावली. "अहो भाऊजी, तो पूल नाही, अजगर आहे. माझ्या माहेरच्या ओढ्यावर असाच पडून असायचा. माझ्या दोन बहिणी त्याच्यावरून गेल्या, त्या गेल्याच."

"वहिनी, तुम्ही निगेटिव्ह आहात," तुरेराव म्हणाले.

"म्हणजे काय हो?"

सगळे हसले. साळिंदरीण शेजारणीच्या कानाशी लागली, "हिला एवढंही येत नाही बघा." खरं म्हणजे तिलाही येत नव्हतं. पण हसायला अर्थ कुठे लागतो?

हौसाने बारक्याला दगडांवरूनच न्यायचं ठरवलं. बाकीची पोरं पुलावरून जाऊ लागली.

पुढे एक दिवस ससुबाईचा धाकटा शाळेतून परत आलाच नाही. त्याच दिवशी पुलाच्या मधोमध फुगवटा आला.

"ही कमान," तुरेराव म्हणाले. "हल्ली कमानीचेच पूल चालतात."

"आणि माझं पोर?" ससुबाईने विचारलं.

"हुशार होता," राघू म्हणाला. "वरच्या वर्गात घेतलाय."

ससुबाई डोळे पुसत घरोघर सांगू लागली, "आमचा वरच्या वर्गात गेला."

हौसा ओढ्यावर उभी राहून घसा बसेपर्यंत भुंकली. लोकांनी तिला रिजिड म्हटलं, बॅकवर्ड म्हटलं, ओव्हरप्रोटेक्टिव्ह म्हटलं. तेवढं मोठं नाव जंगलात आजवर कुणाला मिळालं नव्हतं.

मग तिच्या ध्यानात आलं. आपण खरं बोलतोय, पण मराठीत बोलतोय. ती राघूकडे गेली.

"गुरुजी..."

"सर म्हणा."

"सर, दुसऱ्याला मारून खातो, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"कार्निव्होरस."

हौसाने तो शब्द पाल्याबरोबर चघळून चघळून पाठ केला. मीटिंगमध्ये उभी राहिली. 

"हा पूल," ती म्हणाली, "कार्निव्होरस आहे."

 कुणाला अर्थ कळला नाही. म्हणजे शब्द नक्कीच भारी होता. मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"वा, वहिनी," तुरेराव म्हणाले. "आज तुम्ही पॉझिटिव्ह बोललात. पुलाला हेच नाव देऊ. कार्निव्होरस पूल. उद्याच उद्घाटन. आणि पहिला मान तुमच्या बारक्याचा."

हौसाने राघूकडे पाहिलं. राघू पेरू खात होता. तो उडून जायचा. त्याला पूल लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोरणं लागली. बारक्याच्या गळ्यात हार घातला. तो उड्या मारत पुलाकडे निघाला, तशी हौसा वाटेत आडवी पडली.

"उठा वहिनी, पाहुणे बघताहेत," तुरेराव दात खाऊन म्हणाले.

"मी नाही उठत."

"अहो, नाव तुम्हीच दिलंत ना?"

"नाव नाही दिलं भाऊजी. काय आहे ते सांगितलं."

मग सगळ्यांनी मिळून राघूकडचे होते नव्हते तेवढे शब्द तिच्यावर टाकले. तिने एकाचाही अर्थ विचारला नाही. बारक्याचा पाय तेवढा तोंडात घट्ट धरून ठेवला. बारक्या रडत होता, "आई, सगळे हसताहेत गं."

तुरेरावांची पंचाईत झाली. पाहुण्यांसमोर अध्यक्षांची शोभा. त्यांनी पिसारा फुलवला आणि म्हणाले, "चला, मीच जातो."

हौसाने बारक्याचा पाय खुरांखाली दाबला आणि तोंड मोकळं केलं. "भाऊजी, नका जाऊ. हात जोडते. तो अजगर आहे."

"बाई, आज तरी शुभ बोला," तुरेराव म्हणाले, आणि नाचत पुढे गेले.

पुलाने तोंड उघडलं. मग मिटलं.

पाहुणे दोन पावलं मागे सरले. मग साळिंदरीण म्हणाली, "अध्यक्ष किती पटकन पोचले." सगळ्यांना हायसं वाटलं. पुलाच्या टोकाला दोन मोरपिसं बाहेर राहिली होती. लोक म्हणाले, सजावट छान झालीय.

तेव्हापासून तुरेराव पलीकडे कामात आहेत. पुलाला आणखी एक कमान आली आहे. बारक्या अजून दगडांवरून शाळेत जातो. आई पुढे, तो मागे. ओल्या पायांनी उशिरा पोचतो, म्हणून वर्गाबाहेर उभा राहतो. राघू सर त्याला स्लो म्हणतात. त्याच्याबरोबरची बहुतेक पोरं वरच्या वर्गात गेली.

तात्पर्य : हट्टी आईच्या पोराची शाळेत कधीच प्रगती होत नाही. ते आपलं रोज संध्याकाळी घरी येतं, एवढंच.