अमेरिकन डाव आणि गोरेगावचा मेहुणा

"अरे फ्रेडी, हा कसला रे फुटबॉल? सगळे बॉल हातात घेऊन पळतायत!" जयवंत ओरडला.

"अमेरिकेत असंच. तू बघ ना यार!"

मरोळला फ्रेडीच्या घरात साकीनाक्याचा अख्खा कबड्डी संघ भाड्याच्या व्हिडिओसमोर कोंबून बसला होता. फ्रेडीच्या जहाजावरच्या भावानं आणलेली कॅसेट अमेरिकेची. आपल्याकडच्या यंत्रावर ती काळीपांढरी दिसे आणि चित्र सारखं वर सरके, त्यामुळे सगळे माना वर-खाली करत बघत होते. पण मुद्दा कळला. वर्षानुवर्षं साऱ्यांना तुडवणाऱ्या संघाला कालपर्यंत मार खाणाऱ्यांनी चारी मुंड्या चीत केलं होतं!

साकीनाक्याचा कप्तान असलेल्या जयवंतलाही असाच एक संघ चीत करायचा होता. गोरेगावकर दर वर्षी अंतिम सामन्यात साकीनाक्याला धूळ चारत, आणि त्यांचा कप्तान लवू हा जयवंतचा सख्खा मेहुणा. भाऊबीजेला त्याच्या घरी ढालींच्या रांगेखाली बसून जेवताना जयवंतच्या घशाखाली घास उतरत नसे. "एकदा तरी दादाला धरा हो," बायको सुगंधा म्हणे. "माहेरी मला मान वर करता येत नाही." हे ऐकलं की बिचाऱ्याचं काळीज तुटे.

"सिक्रेट सांगतो," फ्रेडी म्हणाला. "एक, प्रत्येक डावाआधी डोकी जुळवून खुसुरफुसुर. दोन, त्यांच्या मेन माणसाला आडवा करायचा, की टीम खलास."

"म्हणजे लवू!"

"करेक्ट. आणि तीन, सगळं कोडमध्ये. दुसऱ्याला घंटा कळलं नाही पाहिजे."

कोडवरून बरीच वादावादी झाली. आकडे कुणाच्या लक्षात राहीनात. शेवटी खाणाऱ्यांचा संघ माशांवर आला. 'बोंबील' म्हणजे मागे सरून चढाई करणाऱ्याला आत घ्यायचं, 'सुरमई' म्हणजे साऱ्यांनी एकदम झेप. मग काय, कारखान्यात लेथ चालवतानाही हे वीर मासे घोकू लागले.

अंतिम सामन्याला मैदान तुडुंब भरलं. साकीनाकेकरांनी पहिल्याच डावाआधी गोल करून डोकी जुळवली.

"आरती सुरू झाली काय रे?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि हशा उसळला.

पुढे साकीनाक्याचा नंदकिशोर चढाईला गेला. घोकून घोकून त्याच्या जिभेला वळण पडलं होतं. "कबड्डी कबड्डी कबड्डी बोंबील बोंबील बोंबील..."

पंचांनी शिट्टी फुंकली. "दम गेला! अहो, हे कबड्डीचं मैदान आहे की मासळीबाजार?"

"वाट लागली," जयवंत पुटपुटला. पण गोरेगावकर इतके हसत होते, की हसता हसता त्यांचे दोन गडी बाद झाले! गुण चढत गेले. शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत, आणि चढाईला साक्षात लवू. मिशीत हसत तो रेषा ओलांडून आला. जयवंतनं 'बोंबील' म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दोरीपलीकडून मासळीची पाटी डोक्यावर घेतलेल्या मढच्या ज्युलियाबाईंनी घरी जाता जाता आरोळी ठोकली, "सुरमईऽऽ! शेवटची सुरमईऽऽ!"

सगळ्यांत आधी जयवंतच झेपावला! हुकूम आपण दिलेला नाही, हे त्याला हवेत असताना आठवलं. चढाईचा गडी रेषेलगत असताना त्याच्यावर उडी घेणं म्हणजे आ बैल मुझे मार. त्यानं नुसता हात मागे टेकवला की झेपावलेले सगळे बाद. म्हणूनच असं कुणी करेल हे लवूच्या स्वप्नातही नव्हतं. तो बघतच राहिला आणि सहा धडं त्याच्यावर कोसळली. ढिगाखालून येणारं "कबड्डी" बारीक होत होत थांबलं.

जिंकले! फ्रेडीनं ज्युलियाबाईंची सुरमई त्या सांगतील त्या भावात घेतली आणि जयवंतला खांद्यावरून घरापर्यंत मिरवत आणलं.

पोरांनी बातमी आधीच पोचवली होती; घरात सुगंधा डोळे पुसत बसली होती.

"अगं, जिंकलो! आता माहेरी मान वर करून जा."

"धरा म्हटलं होतं मी, पालथा घाला नव्हतं म्हटलं! सहा सहा जण माझ्या दादाच्या अंगावर? लाज नाही वाटली?"

"बरं बाई, पुढच्या वर्षी हरतो."

"काही उपकार नकोत! उद्याच गोरेगावला जाते आणि दादाला सांगते, तुमचा डावा गुडघा अधू आहे म्हणून. दर वर्षी खोदून खोदून विचारतो तो, भावजींची दुखरी बाजू कुठली गं? उजवाच दुखतो म्हणून शपथेवर सांगत आले त्याला. सख्ख्या भावाला!"

बाहेर पोरं नाचत होती. जयवंतचा हात आपसूक डाव्या गुडघ्याकडे गेला. इतकी वर्षं लवू आपला उजवाच पाय का धरतो, याचं त्याला नवल वाटायचं.

"सुगंधा," तो हळूच म्हणाला, "खरंच सांगणार?"

"बघू," ती म्हणाली आणि तेलाची वाटी गरम करायला उठली.