आत्याचा कोसर

१७ जुलै २०२३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आदिलाबादच्या बसस्थानकात हैदराबादची बस सुटण्याच्या बेतात होती, माझी ट्रंक डिकीत गेली होती आणि माझी रुक्माआत्या कंडक्टरकडे कोसर मागत होती.

कोसर म्हणजे वरचे. किलोभर टोमॅटोचे माप पूर्ण झाल्यावर भाजीवाल्याने पिशवीत टाकलेल्या चार मिरच्या किंवा कोथिंबिरीच्या दोन काड्या. हा शब्द तेलुगू बाजारातून आमच्या घरात आला आणि आत्याने त्याला कायद्याचा दर्जा दिला. भाजीवाल्याकडे कोसर सगळेच मागतात. आत्या सर्वत्र मागते. दवाखान्यात इंजेक्शन टोचून झाले की ती दुसरा हात पुढे करून रक्तदाब तपासून घेते. शिंप्याकडून ब्लाउजसोबत उरल्या कापडाची पिशवी शिवून घेते. एकदा तारा जोडायला आलेला लाइनमन खांबावरून उतरण्यापूर्वी तिने त्याच्याकडून आमच्या आंब्याची वाळलेली फांदीही तोडून घेतली होती.

आत्या बाबांची थोरली बहीण. माझ्या जन्माआधीच यजमान गेले आणि ती आमच्याकडे राहायला आली. लहानपणापासून माझी खाट तिच्याच खोलीत. दुपारी बाबा जेवायला आले की किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ती बसते. तिथे ती गुळाचा खडा वरून टाकते, परंतु मागणाऱ्यालाच. मुकाट्याने पुडी घेऊन जाणाऱ्याबद्दल तिला मुळीच सहानुभूती नाही.

"तोंड कशाले देलं देवानं?" हा तिचा त्यावरचा कायमचा प्रश्न.

मी तिच्या अगदी उलट. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. मोजते, मागत नाही. त्या वर्षी एम.एस्सी.साठी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. हैदराबादच्या नामांकित संस्थेचा दोन वर्षांचा खर्च, वसतिगृहासह, दोन लाख ऐंशी हजार. घरापासून बसने दोन तासांवर असलेल्या निर्मलजवळच्या एका नव्या महाविद्यालयाने मात्र गुणवत्तेवर सर्व काही माफ केले होते: शुल्क, खोली, जेवण. मी ते पाहून आले. इमारत उत्तम होती. प्रयोगशाळेतील उपकरणांवरचे प्लास्टिक अद्याप निघायचे होते.

बाबांनी हिशेब सरळ सांगितला. "अर्धे मी उचलतो, पोरी. पूर्ण उचलले तं तुझ्या भावाच्या कॉलेजाले हात आखडता घ्यावा लागन."

मी तक्ता मांडला. प्रतिष्ठा, अध्यापक, प्रयोगशाळा, खर्च, घरापासूनचे अंतर. प्रत्येकाला भारांक दिला आणि बेरीज केली. निर्मल एकाहत्तर, हैदराबाद अडुसष्ट. तो तक्ता मी पुन्हापुन्हा तपासला. चूक सापडावी अशी इच्छा धरून तपासणे शास्त्रीय नाही, हे मला ठाऊक होते.

आत्या तांदूळ निवडत शेजारी बसली होती. "तुले कुठं जावं वाटते?"

"वाटण्याचा रकाना नाही यात."

"तं मांड ना एक. अन् त्या मोठ्या कॉलेजाले विचारलं का, काय सोडता म्हणून?"

"आत्या, ती संस्था आहे. तिथे भाव करत नाहीत."

"भाव नाही म्हणते ना, त्याच्याकडंच जास्त सुटते. काऊन लाजून राह्यली तू?"

हैदराबादची जागा घ्यायची की सोडायची, हे सांगण्याच्या शेवटच्या दिवशी ती माझ्यासोबत त्या संस्थेत आली. मी फक्त कागद परत घेण्यासाठी निघाले होते. ती मात्र बाजाराला निघाल्यासारखी निघाली होती. आमची पाळी येताच तिने निर्मलचे पत्र लिपिकाच्या खिडकीतून आत सरकवले.

"साब, देखो. ये लोगां पूरा छोड़ रहे. तुम कितना छोड़ते, बोलो."

लिपिक सौजन्याने म्हणाला, "अम्मा, फीस में कम-ज्यादा नहीं होता."

"पूरा नक्को. कोसर तो देओ!"

रांगेतील प्रत्येकाला तो शब्द कळत होता. मागे हशा पिकला. माझे कान तापले. आत्यावर काहीच परिणाम झाला नाही. तिने आपले अंतिम अस्त्र काढले. "चाल पोरी. नाही घ्यायचं आपल्याले," असे मोठ्याने म्हणून ती निघून गेली.

बाजारात हे अस्त्र सहसा वाया जात नाही. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागले की विक्रेता हाक मारतो. अट एकच: मागे वळून पाहायचे नाही. आत्या दालनाबाहेर गेली, पायऱ्या उतरली आणि समोरच्या कडुनिंबाखाली इमारतीकडे पाठ करून उभी राहिली. कोणीही हाक मारली नाही. रांग पुढे सरकली. मी फाइल छातीशी धरून तिथेच उभी.

प्रमाणपत्रे तपासणाऱ्या एका वयस्क प्राध्यापिकांनी खिडकीबाहेर बोट दाखवले. "त्या कोण?"

"माझी आत्या."

"काय करत आहेत?"

"तुम्ही बोलावण्याची वाट पाहते आहे."

त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी माझे गुण पाहिले. विभागाला पदवीच्या वर्गांच्या प्रात्यक्षिकांसाठी साहाय्यक विद्यार्थी हवे होते. त्या कामाच्या बदल्यात वसतिगृह आणि जेवण माफ होते. मी अर्ज केला होता का? मी माहितीपुस्तिका पूर्ण वाचली होती. ही सूचना मात्र विभागाच्या फलकावर होती.

"विचारले असतेस तर सांगितले असते," त्या म्हणाल्या.

दुपारी मुलाखत झाली. चार वाजता निवडीचा कागद घेऊन मी कडुनिंबाखाली पोहोचले. आत्या मधल्या काळात पारावर बसली होती, पण पाठ इमारतीकडेच होती.

"बोलावलं का त्यायनं?" तिने न वळताच विचारले.

"बोलावलं."

तेव्हा कुठे ती वळली. "किती सोडलं?"

"जवळजवळ अर्धं."

"पयल्या झटक्यात अर्धं? थांबली असती तं अजून सुटलं असतं."

परतीच्या प्रवासात ती फारशी बोलली नाही. दमली असेल, असा मी निष्कर्ष काढला. तो चुकीचा होता, हे मला सामान बांधताना कळले. आई चादरींच्या घड्या घालत हळूच म्हणाली, "आत्याले जपून बोल हं या दिवसांत. निर्मलचं पत्र आलं ना, तवा ती डेपोत जाऊन आली होती. तुले दर शनिवारी घरी यायचं म्हटलं तं पास कितीले पडते, विचारून. तुझी खाटबी उन्हात टाकली होती ढेकूण मरावे म्हणून."

मी खोलीत जाऊन ती खाट पाहिली. सुंभ नव्याने ताणलेला होता. जगाकडे कोसर मागणाऱ्या या बाईने माझ्याकडे एक शनिवारही मागितला नव्हता.

तर त्या सकाळी बसस्थानकात कंडक्टर म्हणाला, "टाइम अयिंदी, अम्मा." वेळ झाली होती.

"झाली तं झाली, बाबू. पाच मिनटं कोसर दे."

कंडक्टरने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यानंतर ड्रायव्हरला टायर तपासायला सांगून तो स्वतः चहाच्या टपरीकडे गेला. ड्रायव्हर प्रत्येक टायरला सावकाश लाथ मारत बसभोवती फिरू लागला. आत्या आत येऊन माझ्या शेजारच्या आसनावर बसली. मिळवलेल्या वेळात तिने माझ्या डब्याच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली, इतकेच.

मग ती उतरली आणि फलाटावर बसकडे पाठ करून उभी राहिली.

मी खिडकीतून डोके बाहेर काढून हाक मारली, "आत्या!"

ती वळली.

सुटण्याची वेळ सहा चाळीस. प्रत्यक्षात सुटली सहा एक्कावन्नला. मागितली होती पाच मिनिटे, मिळाली अकरा.