हकीकत मौजे टेमघरच्या गाळाच्या वाफ्यांची

शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरे, म्हणजे इसवी सन दोन हजार सहाचे वैशाखात, भिवंडी प्रांती गाळावर जी स्वारी जाहली तिची हकीकत सेवकाने डोळां देखिली तैसी लिहिली आहे. सेवक सांडपाणी केंद्राचा आवक-जावक कारकून. पदरचे काही घातले नाही, नाकास रुमाल मात्र लाविला होता.

हकीकत ऐसी जे, शहर थोर, मागांचा खडखडाट अष्टौप्रहर, आणि समस्त रयतेचे सांडपाणी टेमघरी केंद्रात दाखल होई, मग सुधारून खाडीस रवाना होई, परंतु तळी बसलेला गाळ ठाणे सोडीना. त्याचे पारिपत्य राजश्री मृणालीबाई, ज्युनियर इंजिनीयर, वय वर्षे चोवीस, यांजकडे सोपविले. बाईंनी बुके चाळून नकाशा सिद्ध केला. सहा वाफे, तळी खडी आणि भोकांचे पाईप, वरी रेती. गाळ हातभर जाड पसरावा, पाणी रेतीतून झिरपावे, वरून सूर्यनारायणाने मारा करावा, आणि पंधरा दिवसांत गाळाने शरण येऊन फावड्यावर चढावे.

पंधरा दिवस लोटले. वरती साय धरली, आत लगदा तैसाच. मोरू बिगारी याने फावडे घातले ते चिकटले, आणि ओढता ओढता मोरूच बसकण मारता जाहला. अरेरे, काय ती फजिती!

तेव्हा मोठे साहेब इतराज होऊन हुकूम फर्माविते जाहले की, आठ दिवसांत गाळ न वाळल्यास नकाशा रद्द, आणि ओला गाळ टँकरने नेऊन कुंपणामागे खड्ड्यात ओतावा. कुंपणामागे ठकुबाईंची विहीर. बारा घरे तीवर पाणी भरीत.

ठकुबाई पदर खोचून खासा केंद्रात चालोन आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, खड्डा तिथं झाला तं आमी प्यायचं काय? तुजा नकाशा?"

 बाई नकाशा उलगडीत, गुंडाळीत, मग पुन्हा उलगडीत. सेवकासही फार वाईट वाटले.

ते समयी अय्यूबचाचा पंपावर ड्युटीस होते. तीस वर्षे सायझिंगात सुतास खळ चढविण्यात हयात गेलेली. त्यांनी चिमूटभर गाळ बोटांत चोळिला आणि हसले.

"मॅडम, ये तो अपनी खळ हाय. सगळ्या सायझिंगचं पाणी इथंच येतं ना. किताबवाल्या शहरात लूम नसतील. सुतावर खळ पातळ चढवली तर सुकते, जाड चढवली का झाला लगदा. आणि तुमी हातभर चढवली!"

बाई क्षणभर लाजल्या, मग पेन्सिल उचलिली. मसलत ठरली ती ऐसी: थर वीतभर करावा, रेतीवर मागावरचे डागी कापड अंथरावे म्हणजे खळ रेतीत शिरून मोर्चे बांधणार नाही, आणि रोज दाताळे फिरवावे. वाफे पुरतील कैसे, ही शंका सेवकाने काढिली. बाई म्हणाल्या, सहा दिवसांत वीतभर वाळला तर पंधरवड्यात दोनदा उपसू, हातभर तैसाच निघेल, वरती तीन दिवस पदरात. सेवकाने हिशेब वहीत टिपिला.

मग एका वाफ्याचा लगदा बादल्यांनी टाकीत परतविला, चाचांनी मागवाल्यांच्या गोदामातून डागी तागे आणिले, आणि लढाई मांडिली. ठकुबाई रोज सकाळी कुंपणाशी येऊन, "सुकला का गं?" ऐसे पुसत. सहावे दिवशी गाळास भेगा पडल्या आणि कापडावरून पापडासारखा सुटला. मोरूने फावडे मारिले, ते सुटे बाहेर आले!

आठवे दिवशी साहेब आले. ढेकूळ बोटाने चाचपिले. बोट चिकटले नाही. सबब खड्डा रद्द, नकाशा मंजूर. नकाशावर 'तपासणार' म्हणोन कोरा चौकोन होता, तेथे बाईंनी आधी अय्यूबचाचांची सही घेतली, मग कागद साहेबांपुढे ठेविला. साहेबांनी मुकाट खाली सही केली.

इतक्यात ठकुबाई विहिरीचे पाण्याचा लोटा घेऊन आल्या आणि साहेबांपुढे धरून म्हणाल्या, "प्या. आमचं हाय." साहेब लोट्याकडे पाहून थबकले. मग सारा प्याले.

येणेप्रमाणे टेमघर फत्ते जाहले. दफ्तरी दाखल: आवक, लोटा एक, भरलेला. जावक, लोटा एक, रिकामा.