दिवा गेला, साहेब

ऑफिसात त्यांना सगळे ‘ट्रॅक्टरवाले’ म्हणत. टेबलाच्या काचेखाली त्यांचा एक फोटोही होता: डोक्यावर टोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर दूर कुठेतरी. फोटो काढताना इंजिन बंद होतं, पण ते फोटोत कळत नाही. ट्रॅक्टर बायकोच्या माहेरचा, चालवायची बायको, आणि सकाळी तो सुरू व्हायचा तेव्हा ट्रॅक्टरवाले अंघोळीला गेलेले असायचे. तरीही डब्याच्या सुट्टीत डिझेल इंजिनाचा विषय निघाला की त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

त्यामुळे कडाक्याच्या थंडीतल्या त्या सकाळी साहेबांची गाडी घसरून नेमकी त्यांच्याच फाटकासमोरच्या चरात गेली, तेव्हा साहेबांना हायसं वाटलं. (ड्रायव्हर रजेवर होता. गाडी साहेब स्वतः चालवत होते. जास्त सांगायला नको.)

“वरच्या ऑफिसची माणसं यायची आहेत,” साहेब म्हणाले. “मी पोचलो नाही तर ती माझ्या केबिनमध्ये बसून एकेक कपाट उघडतील. तुमचा ट्रॅक्टर काढा आणि गाडी ओढून घ्या.”

‘थांबा, हिला हाक मारतो,’ एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किल्लीही तिच्याच हातात होती. पण ट्रॅक्टरवाल्यांना काचेखालचा फोटो आठवला. आज बायकोने ट्रॅक्टर काढला तर उद्या कुठल्या तोंडाने ऑफिसात जायचं?

“आण ती किल्ली,” ते हळूच म्हणाले. “आणि हे बघ, साहेब आलेत. तू मधे पडू नकोस.”

“बरं,” बायको म्हणाली. ती शब्दाची पक्की होती.

शेडमध्ये ट्रॅक्टरवाले ऐटीत सीटवर चढले आणि त्यांनी किल्ली थोडी फिरवली. समोर एक नारिंगी दिवा लागला.

“डिझेलला ठिणगी नसते, साहेब. थंडीत इंजिन आधी आतून तापवावं लागतं. ते काम ग्लो प्लग करतात. हा दिवा त्यांचा.”

हे सगळं बरोबर होतं. साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात दिवा विझला.

“गेला,” असं म्हणून ट्रॅक्टरवाल्यांनी किल्ली मागे घेतली.

त्यांनी ती पुन्हा फिरवली. दिवा लागला. दोघंही श्वास रोखून बघत राहिले. दिवा विझला.

“टिकत नाहीये,” साहेब म्हणाले.

“प्लग गेलेत,” ट्रॅक्टरवाले म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

बायको चहा घेऊन आली. “अहो, मी काय म्हणते...”

“तुला काय सांगितलंय मी?”

“बरं.” तिने कप मडगार्डवर ठेवले आणि ती परत गेली.

प्लग पेन्सिलीएवढे असतात, पण ते सुखासुखी निघत नाहीत. पाना दोनदा निसटला आणि ट्रॅक्टरवाल्यांची बोटं सोलली. साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि निघालेला प्रत्येक प्लग आपल्या पांढऱ्या रुमालावर मांडला. मग बॅटरीवरून वायर घेऊन ट्रॅक्टरवाल्यांनी एकेक प्लग तपासला. पहिल्याचं टोक लालभडक झालं. दुसऱ्याचंही झालं. तिसरा खरंच तापलाय का, हे साहेबांनी बोट लावून पाहिलं.

“तापलाय,” ते थोड्या वेळाने म्हणाले.

चौथाही धडधाकट निघाला. ट्रॅक्टरवाल्यांना फार वाईट वाटलं. प्लग परत बसवले, किल्ली फिरवली. दिवा लागला आणि विझला.

फ्यूज पाहिला, तो चांगला होता. वायरी घासल्या. मग साहेबांना सुचलं की बिघाड बहुधा दिव्यातच असेल. तो काढून त्यांनी स्वतः टायने पुसला. (रुमालाचं तोवर पोतेरं झालं होतं.) या वेळी दिवा चांगला झगझगीत लागला आणि तसाच झगझगीत असताना विझला.

साहेबांचा फोन वाजला. वरच्या ऑफिसची माणसं येऊन केबिनमध्ये बसली होती. साहेब पालथ्या घमेल्यावर बसले.

“आता मेकॅनिकच बोलवावा लागेल,” ट्रॅक्टरवाले म्हणाले.

“तुम्ही असताना?” साहेबांनी विचारलं. कुजकेपणा नव्हता त्यात, माणूस मनापासून विचारत होता, आणि तेच ट्रॅक्टरवाल्यांना जास्त लागलं. ते निमूटपणे स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“अगं, जरा येतेस?”

“मधे पडू?”

“पड.”

ती पदर खोचून सीटवर चढली. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि विझला.

“पाहिलंस? गेला,” ट्रॅक्टरवाले म्हणाले.

तिने किल्ली आणखी पुढे फिरवली. ट्रॅक्टर घरघरला, खोकला, काळ्या धुराचा एक लोट त्याने साहेबांच्या कोटावर सोडला आणि सुरू झाला.

“दिवा गेला की सेल्फ मारायचा,” ती वरून म्हणाली. “गेला म्हणजे आत तापलं.”

“मग आधी सांगायचं नाही?”

“मधे पडणार नव्हते ना मी.”

साहेब काळ्या हातांकडे बघत होते. “म्हणजे इतका वेळ आपण सेल्फ एकदाही...”

“नाही, साहेब.”

बायकोने गाडी ओढून काढली. ट्रॅक्टरवाल्यांनी साखळी धरली होती, म्हणजे तसं दिसत तरी होतं.

दुसऱ्या दिवशी ते दबकतच ऑफिसात गेले. पण साहेब कुणाला काही बोललेले नव्हते. बोलतील कसे? दिवा टायने पुसला होता त्यांनीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे साहेबालाही कळतं. ट्रॅक्टरवाल्यांचा जीव भांड्यात पडला. डब्याच्या सुट्टीत ते नेहमीसारखे ग्लो प्लगवर बोलायला बसले, आणि ऐन रंगात आले असताना कोपऱ्यातून साहेबांनी हाक मारली. साहेब जुन्या झेरॉक्स मशीनपाशी कागद घेऊन उभे होते.

“ट्रॅक्टरवाले, याचा लाल दिवा गेला हो. आता?”

“आता कॉपी काढायची, साहेब,” ट्रॅक्टरवाले उत्साहाने उठले. “दिवा गेला म्हणजे मशीन तापलं. रोजचंच आहे माझं.”

सगळं ऑफिस बघत होतं. साहेबांनी कागद मशीनवर ठेवला, झाकण हलकेच बंद केलं आणि विचारलं, “नक्की ना? की वहिनींना फोन लावू?”